न चाखलेली भज्जी

परवा आमच्या गल्लीत ओल्या हरभऱ्याची पहिली हातगाडी आली. मुळासकट उपटलेल्या ढाळ्यांच्या पेंढ्या गाडीवर आडव्या रचलेल्या, मुळांना अजून काळी माती चिकटलेली, आणि गाडीवाला मफलरमधून तोंड बाहेर काढून ओरडत होता. मला हिवाळा आला हे असं कळतं. परभणीच्या थंडीवर माझा फारसा भरवसा नाही. ती एखाद्या सकाळी दात वाजवते आणि दुपारी पंखा लावायला लावते. पण ढाळा फसवत नाही. तो आला की आला.

समोरच्या बाईंनी विचारलं, "सोललेले दाणे नाहीत का?" मला असा राग आला! सोललेले दाणे हवेत तर हरभरा कशाला घ्यायचा, बाई? हरभरा ओट्यावर बसून सोलायचा असतो, निम्मा तोंडात आणि निम्मा वाटीत टाकायचा असतो. मी दोन पेंढ्या उचलल्या. आमचे हे दारातूनच म्हणाले, "एवढा कोण खाणार?" हे ते दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी निम्म्याहून अधिक स्वतः खातात.

ओट्यावर बसून मी पहिला घाटा दाबला. फुसका निघाला. दुसरा भरलेला होता. हरभऱ्याच्या पानांवर एक आंबट दव असतं, आमच्याकडे त्याला आंब म्हणतात. सोलता सोलता बोटं चिकट होतात आणि त्या आंबेचा वास नखांत जाऊन बसतो. दाणा तोंडात टाकायच्या आधी मी ती बोटं नाकाशी नेली आणि डोळे मिटून वास घेतला. मग अक्कांची आठवण आली आणि दाणे तसेच हातात राहिले. गेल्या हिवाळ्यापासून माझं हे असं झालंय. कशाचाही वास घेतला की आधी त्या आठवतात.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. पालमला असतात. आम्ही नोकरीमुळे परभणीला आलो आणि इथलेच झालो. भाऊजी आणि अक्का मात्र पालमलाच राहिले. शेती त्यांनीच सांभाळली आणि शेतीबरोबर आमच्या घरचे सणवारही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाजीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. माहेरी वडील बाजार करायचे आणि आई जे येईल ते शिजवायची. अक्कांनी मला पहिल्यांदा पालमच्या आठवडी बाजारात नेलं तेव्हा मी चांगल्या मोठ्या पानांची मेथी उचलली आणि त्यांनी ती माझ्या हातातून काढून परत ठेवली. म्हणाल्या, "ही दिसायला चांगली हाय. नवरीवानी दाखवायची हाय का खायची हाय?"

त्यांचं भाजी निवडणं बघण्यासारखं होतं. वांगं उचलून तळहातावर तोलायच्या. आकाराच्या मानानं हलकं लागलं तर बिया कमी, भरताला घ्यायचं. गाजर देशी, काळपट लाल, अंगावर बारीक मुळं असलेलं. गुळगुळीत केशरी गाजराला त्या 'दिवाणखान्यातलं गाजर' म्हणायच्या. तुरीची शेंग वाकवून बघायच्या. करडईची भाजी कोवळी असेपर्यंतच, एकदा पानाला काटा धरला की मग तिच्याकडे बघायचंही नाही. बोरं एकेक फिरवून. आणि हे सगळं झाल्यावर शेवटी नाक. मेथीची जुडी, कोथमीर, पेरू, कांद्याची पात, जे असेल ते तोंडाजवळ न्यायच्या, एक श्वास आत ओढायच्या आणि निकाल द्यायच्या. "नाल्याच्या पाण्यावरची हाय." "काल तोडलीय, पाणी मारून बसवलीय." "ही घे, ही पहाटची हाय." भाजीवाले त्यांना बघून जुड्या सरळ करायला लागायचे.

आमच्या भाजीवाल्या चाचांचं दुकान म्हणजे पिंपळाखाली अंथरलेलं पोतं. ते अक्कांना बघितलं की म्हणायचे, "चलो, परीक्षा शुरू." आणि अक्का खरंच परीक्षकासारख्या पोत्यासमोर उकिडव्या बसायच्या. पण एकदा त्यांनी जुडी पिशवीत टाकली की चाचांचा चेहरा असा खुलायचा की पैसे मिळाल्यावरही तेवढा खुलत नसेल.

आता ज्यांना माहीत नाही त्यांना येळवस सांगायला हवी. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जातं. बाजारपेठ ओस पडते. ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभरा घाट्यावर, तूर शेंगांनी वाकलेली. शेतात कडब्याची छोटी कोप उभी करतात, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, काळ्या आईची पूजा करतात आणि मग ओळखीचा, बिनओळखीचा जो येईल त्याला जेवू घालतात. बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, भरीत, मडक्यात गार केलेली आंबील. आणि या सगळ्यात मान भज्जीचा. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हिवाळ्यात रानात जे जे पिकतं ते सगळं एका पातेल्यात आणायचं: तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, मेथी, पातीचा कांदा, मूठभर बोरं, हिरवी चिंच. त्यात आंबट ताकात कालवलेलं बेसन ओतायचं आणि पळीनं ढवळत शिजवायचं. वर्षातून एकदाच ही भाजी होते. एरवी कितीही तेच जिन्नस आणा, ती चव येत नाही; का येत नाही ते मला अजून कळलेलं नाही.

बाकीचं सगळं घरून करून नेतात. आमच्याकडे भज्जी मात्र शेतातच शिजते, तीन दगडांच्या चुलीवर, आणि ती थोरल्या सुनेनंच करायची. आमच्या सासूबाईंनी एका येळवशीला चुलीपुढून उठून आपली पितळी पळी अक्कांच्या हातात दिली होती. त्या दिवसापासून ती पळी अक्कांची.

एक गोष्ट इथं फार महत्त्वाची आहे. ही भज्जी चाखायची नसते. आधी नैवेद्य कोपीतल्या देवाला, मग माणसांना. मधे कुणी जीभ लावली तर उष्टं झालं. एरवी आम्ही बायका पळीवरचा थेंब तळहातावर घेऊन चाटतो आणि मीठ-तिखट ठरवतो. येळवशीला ते चालत नाही. खरं तर नैवेद्याचा वाससुद्धा घेऊ नये म्हणतात. पण चुलीपुढे बसलेल्या बाईनं नाकाला काय झाकण घालावं? अक्का नाकावरच भज्जी करायच्या. बेसनाचा कच्चा वास गेला की त्यांचा हात आपोआप मिठाकडे जायचा. मीठ पडलं की वाफेचा वास बदलतो असं त्या म्हणायच्या. मी खूप वर्षं त्या वाफेत नाक खुपसून बघितलं. मला फक्त धूर कळला.

गेल्या वर्षी भादव्यात अक्कांना ताप आला. सर्दीनं छाती भरली, डोकं भरलं. औषधं झाली, काढे झाले, ताप उतरला. मी फोनवर विचारलं तर "बरी हाय, झाली की मोकळी" एवढंच. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा मला काहीच वेगळं दिसलं नाही. एवढंच लक्षात आलं की भाऊजींनी आपली खुर्ची ओसरीवरून उचलून स्वयंपाकघराच्या दारात आणली होती. तिथं बसून ते पेपर वाचत आणि मधूनच "दूध बघा गं" म्हणत. मी म्हटलं, वय झालं, गारठा सोसत नसेल. अक्काही तेच म्हणाल्या. "आजकाल यांना चुलीची ऊब लागती."

येळवशीच्या आदल्या दिवशी मी एसटीनं पालमला पोचले. पिशवी ठेवली आणि आम्ही दोघी बाजारात गेलो. थंडी खणखणीत होती आणि सगळा बाजार हिरवा झाला होता. येळवशीच्या बाजारात हिरव्या रंगाखेरीज दुसरं काही दिसत नाही. अक्का चाचांच्या पोत्यासमोर बसल्या. वांगं तोललं. शेंग वाकवली. घाटा दाबला. मग मेथीची जुडी उचलली, ती तोंडाजवळ नेली नाही, सरळ पिशवीत टाकली. मग दुसरी. मग कोथमीर. चाचा हातातला तराजू तसाच धरून बघत राहिले.

"क्या अक्का, नाराज हैं क्या? बिना सूंगे लेरे आज!"

अक्का हसल्या. "तुमच्यावर इश्वास हाय की, चाचा."

"इतने बरस नहीं था, आज एकदम?" चाचा म्हणाले आणि त्यांनी पिशवीतली एक जुडी काढून घेतली, आपणच नाकाशी नेली, बाजूला टाकली आणि पोत्याच्या मागून दुसरी काढून दिली. "ये लेव. वो कल की थी."

परतताना मी काही विचारलं नाही. एवढी वर्षं एका घरात सणवार केले की कधी विचारायचं नाही हे कळतं. संध्याकाळी आम्ही दोघी ओसरीवर मेथी निवडायला बसलो. पानं परातीत, देठं बाजूला. अर्धी परात भरली तेव्हा त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मंगल, मला वासच येईना गेलाय."

"कवापासून, अक्का?"

"भादव्यापासून. कशाचाच न्हाई. मेथीचा न्हाई, रॉकेलचा न्हाई, उदबत्तीचा न्हाई. दूध उतू जाऊन करपतंय तरी मी तिथंच उबी." त्यांनी एक देठ मोडला, नुसताच मोडला. "परभणीच्या डॉक्टरला दाखवलं गपचूप. ते म्हनले, येईल हळूहळू. न्हाई तर न्हाई बी येनार."

"भाऊजींना सांगितलं?"

"काय सांगू? स्वैपाकघरात उबी हाय अन् स्वैपाकघरात न्हाई, असं सांगू?" मग म्हणाल्या, "नात आली होती दिवाळीला. तिला जवळ घेतलं. टाळूचा वास येईना गं. दुसऱ्याचं लेकरू घेतल्यावानी वाटलं मला."

मी त्यांच्या हातातला मोडलेला देठ काढून घेतला, एवढंच केलं. त्यांचं दुःख वासाचं होतं हे मला तेव्हा जेवढं कळलं तेवढं पुढे कधीच कुणाला समजावून सांगता आलं नाही. लोक म्हणतात, डोळे आहेत ना, कान आहेत ना, मग झालं. ज्या बाईनं सगळं घर नाकानं चालवलं तिला हे सांगून बघा.

"उद्याची भज्जी तूच कर," त्या म्हणाल्या.

"मी न्हाई करणार."

"चाखायची न्हाई, वास येत न्हाई. मी कशावर करू? पंचवीस माणसं जेवायला येतील. माज्या हातची भज्जी खायला लोक पूर्ण्याहून येतेत गं. बिगडली तर?"

"वास मी घेते. मी सांगते, तुमी करा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला हसूच आलं. माझ्या नाकाची योग्यता त्यांच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. पण शेवटी मान हलवली. म्हणाल्या, "बरं. पर ऐक. उद्या बिगडली तर पळी तुझी. मी पुन्हा न्हाई धरायची." आणि त्या हे बोलायचं म्हणून बोलत नव्हत्या. मी पुढचा सगळा वेळ मेथी निवडली, आणि एकदा पानांऐवजी देठंच परातीत टाकली.

दुसऱ्या दिवशी शेतात ऊन कोवळं होतं आणि ज्वारीवरचं दव अजून सुकायचं होतं. भाऊजींनी कपाळाला विभूती लावून कोपीत पांडव मांडले होते. आम्ही चूल पेटवली. अक्का पातेल्यासमोर बसल्या, मी त्यांच्या शेजारी, पातेल्यावर वाकून. मीठ वाटीत काढून मेथीच्या उरलेल्या जुडीशेजारी ठेवलं होतं.

"काय येतंय?"

"पातीचा कांदा. गोडसर."

"परतलाय का कच्चा?"

"परतलाय."

तुरीचे दाणे पडले, हरभरा पडला, गाजर पडलं. मी एकेक सांगत गेले. आणि खरं सांगते, मला तोवर कधीच न आलेले वास यायला लागले. तुरीच्या ओल्या दाण्यांचा एक दुधाळ वास असतो, गाजर तापलं की जरा मातीचा वास येतो, चिंच पडली की सगळे वास एकदम गप्प बसतात. मी हे सांगत होते आणि अक्का डोळे मिटून ऐकत होत्या, ओठ किंचित हलत होते. मधेच म्हणाल्या, "हां, तसाच असतोय." त्यांना माझ्या सांगण्यातून आठवत होतं. मला त्यांच्यावर एवढी माया दाटून आली की धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

बेसन पडलं. पळी गोल फिरायला लागली. "कच्चा वास गेला का?" त्यांनी विचारलं. "जायलाय," मी म्हटलं. जरा वेळानं, "गेला." तेवढ्यात बांधावरून "शरणार्थ, शरणार्थ" असा रामराम करत पहिले पाहुणे आले, भाऊजींनी कोपीतून हाक दिली, "आणा निवद, ऊन चढायलंय," आणि अक्कांनी पातेलं उतरवलं. नैवेद्य झाला. आंबील शिंपडत भाऊजी पिकाला फेरी मारून आले. लोकांनी त्यांच्यामागे आरोळी दिली. मग पंगत बसली.

पहिल्या पंगतीला पुरुष आणि पाहुणे. चाचाही आले होते, दरवर्षी येतात. मी भज्जी वाढत होते, अक्का उंडे. सगळ्यांनी पहिला घास घेतला. मी कान टवकारून होते. भाऊजींनी घास खाल्ला, क्षणभर जेवणाकडे बघितलं आणि म्हणाले, "वाढा अजून." शेजारचे म्हणाले, "मलाही." चाचा म्हणाले, "नंबरी." अक्कांचा चेहरा असा उजळला की मी भज्जीची बादली घेऊन जवळजवळ नाचतच पुढे गेले. फक्त एक गोष्ट मला नवलाची वाटली. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा भराभर संपत होते. दोनदा वाढून झाले तरी लोक मागत होते.

मग आम्ही बायका बसलो. अक्कांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला, घास तोंडात घातला. चावता चावता थांबल्या. मला वाटलं, बोराची बी लागली. त्या माझ्याकडे वळल्या.

"मंगल, अळणी हाय."

मी माझा घास खाल्ला. मिठाचा कणही नव्हता.

मी पळीकडे बघितलं. पण अक्का ओरडल्या त्या भलत्याच आवाजात. "अळणी हाय की गं! मला कळलं! कुणी सांगायच्या आधी मला कळलं!" चार महिने त्यांच्या तोंडात जे जात होतं ते नुसतं गरम, गार, मऊ, कडक एवढंच होतं, जिभेकडे त्यांचं लक्षच उरलं नव्हतं. मीठ, आंबट, गोड जिभेला कळतं, त्याला नाक लागत नाही, हे त्या घासाला पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसता हसताच त्यांना दुसरी गोष्ट सुचली. हसणं थांबलं. त्या उठल्या आणि लिंबाखाली पान खात बसलेल्या सगळ्या पुरुषांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमाला कळलं न्हाई का अळणी हाय म्हनून?"

सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं.

"कळलं," भाऊजी म्हणाले.

"मग बोलला काहून न्हाईत?"

"देवानं गपचूप खाल्लं. मी कोन बोलनारा?"

"देवाला काय तोंड हाय?" अक्कांचा आवाज शेजारच्या शेतात गेला असेल. "अन् हे चाचा! नंबरी म्हने!"

चाचांनी कान पकडले. "अक्का, आपके घर का नमक इतने बरस खाए. एक दिन नहीं था तो क्या बोलना?"

अक्का तशाच उभ्या राहिल्या. मग भाऊजी उठले, त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "भादव्यापासून मी दारात काय ऊब घ्यायला बसतोय व्हय? दुधाचा वास घ्यायला बसतोय." मी भज्जीचं पातेलं परत चुलीवर ठेवायला वळले होते, तरी ते मला ऐकू आलं. अक्कांनी पदर तोंडाला लावला. एवढी वर्षं मी भाऊजींना अबोल समजत होते. अबोलच आहेत म्हणा. पण त्या दिवसापासून मला तो माणूस फार आवडतो.

मिठाची वाटी मेथीच्या जुडीखाली सापडली, काठोकाठ भरलेली. कुणी हात लावला नव्हता. अक्कांचा हात बेसनाचा वास गेला की मिठाकडे जायचा. या वेळी तो वास त्यांना आलाच नव्हता; तो गेला हे माझ्या सांगण्यानं कानाला कळलं पण हाताला कळलं नाही. त्यांनी मीठ घातलं, एक उकळी आणली आणि पळी हवेत उगारून सांगितलं, "उठू नका कुनी! पुन्हा बसा!" आणि पान खाल्लेली, पोट भरलेली ती सगळी माणसं चुळा भरून पुन्हा पंगतीला बसली. अशी पंगत मी आयुष्यात बघितली नव्हती. चाचांनी पुन्हा "नंबरी" म्हटलं तेव्हा अक्कांनी त्यांना चारदा विचारलं, "खरं सांगा."

पण शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परभणीला निघाले तेव्हा अक्कांनी पितळी पळी फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. मी नको म्हटलं, भांडले, डोळ्यांत पाणी आणलं. त्या म्हणाल्या, "देवाला अळणी घातलं मी. आता तुझी." एसटी गंगाखेडच्या पुढे आली तरी मी पिशवी मांडीवरच घेऊन बसले होते.

तेव्हापासून ती पळी माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली आहे. वर्षभरात मी तिनं काही ढवळलं नाही. एकदा यांनी वरण वाढायला काढली तर मी असं बघितलं की त्यांनी मुकाट्यानं परत लावली. उन्हाळा गेला, पाऊस गेला. गौरी झाल्या, दसरा झाला. पेरू आले, परभणीत हल्ली वर्षभर पेरू मिळतात, पण देठाशी नाक नेलं तर हिवाळ्याचा पेरू लगेच ओळखू येतो. मी फोन करून अक्कांना सांगायचे, "आज पेरू आणले, असा असा वास आहे." त्या विचारायच्या, "आतून गुलाबी हायत का?" मी गाजराचं सांगायचे, शेपूचं सांगायचे, फोडणीतल्या लसणाचं सांगायचे. पलीकडून "हां, हां" येत राहायचं. आमच्या ह्यांना वाटतं दोन बायका फोनवर भाज्यांचा रेडिओ चालवतात. चालवतो. मला या नव्या नाकाचा आता फार अभिमान आहे.

येळवशीचा विषय मात्र दोघींनी टाळला होता. मला भीती वाटत होती. भज्जी मी केली तर होईल कशीतरी, पंगतही उठेल, पण अक्का कुठे बसतील? चुलीच्या कोणत्या बाजूला? त्यांना पाहुण्यासारखं घोंगडीवर बसवून मी पळी फिरवते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की हातातलं काम थांबायचं. परवा हरभरा सोलताना हात थांबला होता तो त्यामुळेच.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी होते. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून आधी धसकाच बसला.

"मंगल, येळवशीला लवकर ये. मला सोडीव यातून."

"काय झालं, भाऊजी?"

"दिवाळीपासून एकच भाजी खायलोय. बेसन पेरलेली. चाखायचं न्हाई, झाकन घालायचं, देवापुढं ठिवायचं, मग मला वाढायचं. अन् खरं बोलायचं. खोटं बोललो तर रातच्याला दूधभाकर. आधी लय अळणी झाली, मग आठवडाभर खारट. आता जमायलीया. मीठ हातानं, उकळी कानानं म्हनते. पर मानूस किती दिवस खाईल गं?"

मागून अक्कांचा आवाज आला, "द्या इकडं." फोन त्यांनी ओढून घेतलेला ऐकू आला.

"कोन? मंगल? ढाळा आला का परभणीत?"

"आला, अक्का. आत्ताच सोलायले."

"आंबेचा वास कसाय?"

मी बोटं नाकाशी नेली आणि सांगितलं. आंबट, पण कोवळा, पहाटेच्या दवाचा, दुपारपर्यंत उडून जाईल असा. त्यांनी पलीकडे डोळे मिटले असतील.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "ये मग लवकर. वास तू सांगायचा, मीठ मी टाकनार." आणि फोन ठेवता ठेवता, जणू विसरलेली एखादी किरकोळ गोष्ट आठवावी तशा म्हणाल्या, "अन् हे बग, येताना माझी पळी आन."